यंत्राचा गांधार

बडोद्याला गाणे वर्गात बसवून शिकवण्याची सवय फार जुनी आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी 1886 साली गायनशाळा काढून ती मौलाबक्षांच्या हाती सोपवली, तेव्हा बाकी हिंदुस्थानात गाणे ही उस्तादाच्या घरी, त्याच्या मर्जीने, त्याची सेवा करीत करीत शिकायची गोष्ट होती. मौलाबक्षांनी स्वरलिपी बसवली, चिजा छापवून घेतल्या आणि मुलांच्या हातात पुस्तके दिली. आज त्यात कोणाला नवल वाटणार नाही. पण ज्या अस्ताईसाठी शागिर्दाला वर्ष वर्ष ताटकळावे लागे ती एकदम कागदावर उतरली, हे त्या काळाच्या मानाने एक यंत्रच वर्गात आले म्हणायचे. 'आता गाणे बुडाले' असे त्या वेळीही कोणीतरी म्हटले असणारच. गाणे काही बुडाले नाही. याच शहरात पुढे फैयाजखाँसाहेब नांदले, गायले, आणि 1950 साली येथेच त्यांनी डोळे मिटले.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यावरून मी यंत्रांचा वैरी आहे असा कोणाचा समज व्हायचा. तसे नाही.

माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, बडोदे दरबारच्या कलावंतांतले. 1949 च्या मे महिन्यात संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले तेव्हा ते जेमतेम एकोणीस वर्षांचे, त्या मंडळींत सर्वांत धाकटे. बैठकीपूर्वी तंबोरे लावून ठेवणे हे त्यांचे मुख्य काम. त्यांना मूल झाले ते पन्नाशीच्या दारात, म्हणून मी आज चाळिशीत असूनही दरबारी कलावंताचा मुलगा म्हणवून घेऊ शकतो. सकाळी एका शाळेत संगीत शिकवतो आणि संध्याकाळी दांडिया बाजारातल्या घरी वर्ग घेतो. घरी मिरजेचे दोन तंबोरे आहेत, पेटी आहे, तबला-डग्गा आहे, आणि अलीकडे प्रत्येक मुलाच्या खिशात मोबाईल आहे. तेव्हा यंत्राला वर्गात येऊ द्यावे की नाही हा प्रश्न आता उरलेलाच नाही. ते आलेले आहे. त्याला बसवायचे कोठे, एवढेच ठरवायचे आहे.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. माझ्याकडे दीड वर्ष शिकत असलेल्या एका अकरा वर्षांच्या मुलीची आई भेटायला आली. घराणे जुने, तीन पिढ्या बडोद्यात. बाई थोड्या अवघडून म्हणाल्या, "मास्तर, राग मानू नका, पण हिचे गाणे आता थांबवावे म्हणते. हिचा गळा सुरात नाही. उगीच तुमचाही वेळ आणि तिचाही."

मी चकित झालो. त्या वर्गात सुराला हिच्याइतकी पक्की दुसरी मुलगी नव्हती.

विचारता विचारता उलगडले ते असे. मुलीच्या मामाने तिला मोबाईलवर सूर तपासणारे एक साधन घालून दिले होते. गाताना पडद्यावर काटा हलतो; स्वर नेमका लागला की हिरवा दिवा, चढला-उतरला की तांबडा, आणि शेवटी शंभरपैकी गुण. मुलगी रोज भूपाचे आरोह-अवरोह त्याच्यापुढे म्हणे आणि रोज साठ-पासष्टावर अडके. सा हिरवा, रे हिरवा, प हिरवा. गांधार आणि धैवत मात्र तांबडे, आणि दोन्ही 'उतरलेले'. दोन महिने तिने हट्टाने काटा मध्यावर आणायचा प्रयत्न केला. तसे केले की घरी गुण वाढत, आणि माझ्याकडे आली की मी म्हणे, "गांधार चढतोय ग, खाली घे." पोर दोन धन्यांची चाकरी करून रडकुंडीला आली होती. तिने आईला सांगितले होते की मला काहीच येत नाही, मास्तर उगीच बरे म्हणतात.

दुसऱ्या दिवशी मी दोघींना बोलावले आणि येताना घरचा की-बोर्डही आणायला सांगितला. तंबोरा काळी चारमध्ये लावला: पंचम, जोडाच्या दोन तारा, खर्ज. मग आईला म्हटले, "बाई, नुसती खर्जाची तार ऐका, आणि तिच्यात गांधार कोठे ऐकू येतो का पाहा." पहिल्यांदा तो कोणालाच येत नाही. जवारी बरोबर असेल तर तीनचार वेळा तार छेडल्यावर तिच्या शेपटात तो बारीकसा, वरच्या सप्तकातला गांधार उमटतो. आणि एकदा ऐकू आला की मग कानातून जात नाही. बाईंना सहाव्या-सातव्या छेडीला आला. तो आल्याचे चेहऱ्यावरूनच कळते, सांगावे लागत नाही. मग मुलीला डोळे मिटून गांधार लावायला सांगितले. तो तारेत असा मिसळला की तार कोठे संपली आणि गळा कोठे सुरू झाला हे सांगता येईना. नंतर की-बोर्डवरची पांढरी एक, म्हणजे काळी चारचा गांधार, दाबून धरला आणि खर्ज छेडला. लगेच सुरावर लाट उठल्यासारखा डोल पडू लागला. "मोजा," मी म्हणालो. सेकंदाला चार.

हे काही माझे हस्तलाघव नव्हे, साधे गणित आहे. काळी चारच्या खर्जाची तार सेकंदाला सुमारे 103.8 वेळा थरथरते. तिच्यातून आपोआप निघणारा गांधार पाचपट, म्हणजे 519 कंपनांचा. की-बोर्डच्या गांधाराचे त्याच जागेचे कंपन 523. मधल्या चारांचा तो डोल. की-बोर्डवर सप्तकाचे बारा अगदी सारखे तुकडे पाडलेले असतात, कारण कोणत्याही पट्टीतून कोणत्याही पट्टीत जाता यावे ही पाश्चात्य संगीताची गरज आहे. त्या समान वाटणीत आपला शुद्ध गांधार अर्ध्या स्वराच्या सुमारे सातव्या हिश्शाने चढतो, धैवत त्याहून किंचित अधिक. षड्ज, ऋषभ, पंचम यांत फरक इतका थोडा पडतो की काटा तो सोडून देतो. मामाने दिलेले साधन याच समान वाटणीवर बेतलेले होते. म्हणजे मुलीचा गांधार बरोबर होता म्हणूनच तांबडा दिवा लागत होता.

आई काही वेळ गप्प बसल्या. मग मुलीला म्हणाल्या, "दे तो मोबाईल इकडे." मुलगी अजून शिकते आहे, आणि आता गांधारावर अंमळ जास्तच थांबते. ते तिला शोभतेही.

जुन्या मंडळींना या तंट्यात काही ओळखीचे वाटेल. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज न्यायाधीश क्लेमंट्स यांनी मिळून बावीस श्रुतींची पेटी सिद्ध केली होती. 1916 च्या मार्चमध्ये भातखंड्यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली ती येथेच, बडोद्यात, महाराजांच्या आश्रयाने. आणि त्या परिषदेत या पेटीवरून वाद झाला. गवयाचा गळा पेटीने तपासायचा की पेटी गवयाच्या गळ्याने, हाच त्याचा गाभा. पुढे 1940 साली आकाशवाणीने साध्या पेटीलाही दाराबाहेर काढले आणि 1971 पर्यंत ती बाहेरच राहिली. मला ती बंदी अतिरेकी वाटते. गोविंदराव टेंब्यांची पेटी ज्या पिढीने ऐकली त्या पिढीला तर ती अन्यायाचीच वाटली असणार. शिवाय पेटी बिचारी गळ्याच्या मागून चालते. चुकली तर गवई तिच्याकडे एक डोळा टाकतो आणि ती सावरून घेते. तिने कधी गवयाला गुण दिले नाहीत. हे नवे साधन साथीच्या जागेवरून उठून थेट परीक्षकाच्या खुर्चीत बसले आहे, आणि अकरा वर्षांच्या मुलीला त्या खुर्चीचा दरारा वाटणार नाही तर काय!

म्हणून मी माझ्यापुरता एक हिशेब ठेवतो. जे यंत्र कानाला काम देते त्याला वर्गात जागा. जे कानाऐवजी स्वतःच ऐकते त्याला नाही. या हिशेबात सगळी यंत्रे नीट बसतात असे नाही. काही अर्धी इकडे, अर्धी तिकडे पडतात.

इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याचेच पाहा. बेंगळुरूच्या राज नारायण यांनी 1979 च्या सुमारास तो बाजारात आणला आणि वीस वर्षांत हिंदुस्थानभर पसरला. आमच्या घरी आला तेव्हा मी शाळेत होतो. दादांनी कान लावून बराच वेळ ऐकला आणि म्हणाले, "प्रवासाला उत्तम. रेल्वेत भोपळा फुटायची धास्ती नाही." पुढे प्रत्येक प्रवासात ते तो कपड्यांच्या घडीत गुंडाळून नेत. घरी मात्र एकदाही लावला नाही. आता त्याचेही मोबाईलमध्ये रूपांतर झाले आहे, आणि तेथे खरी गफलत होते. पुरुषी काळी एकचा खर्ज सेकंदाला सुमारे 69 कंपनांचा. मोबाईलच्या तांदळाएवढ्या कर्ण्यातून इतका खोल सूर निघणे शक्यच नाही. मुलाला ऐकू येतो तो वरवरचा किणकिणाट. ज्या सुरावर इमारत उभी करायची तो पायाच ऐकू येत नाही. मी मुलांना सांगतो, मोबाईलवर तंबोरा लावायचाच असेल तर घरातल्या मोठ्या स्पीकरला जोडा. ऐकले तर ठीक.

शाळेत मी स्वतः इलेक्ट्रॉनिक तंबोराच वापरतो. चाळीस मुले, पस्तीस मिनिटांचा तास, बाहेर मैदानावर कवायत; तेथे लाकडी तंबोरा घेऊन बसणे म्हणजे नुसता हट्ट. पण मागे ज्या एका संस्थेत मी काही वर्षे जात असे तेथल्या चालकांनी एके दिवशी सांगितले की, मोठ्या मुलांच्या वर्गातलेही तंबोरे आता भांडारात ठेवू या. तासातली पंधरा मिनिटे लावण्यात जातात, तेवढ्यात एक चीज शिकवून होते. हिशेब कागदावर बिनचूक होता. मी म्हणालो, तंबोरा लावणे हाच त्या दिवशीचा धडा आहे. ते हसले. त्यांना वाटले मी विनोद केला.

पण ज्यांनी कधी तंबोरा लावला आहे त्यांना ठाऊक आहे की त्या पंधरा मिनिटांत काय चालते. खुंटी पिळून तार जवळ आणायची, मग मणी केसभर सरकवायचा. जोडाच्या दोन तारांतला डोल आधी जलद असतो, मग मंदावतो, मग इतका लांबतो की आहे की नाही असा संशय येतो, आणि मग नाहीसा होतो. तो नाहीसा होण्याचा क्षण कोणी दुसऱ्याला सांगू शकत नाही. माझ्या वर्गात नवे मूल पहिले तीन महिने दर खेपेला फक्त जोड लावते. पंचम पुढच्या तीन महिन्यांत. जवारीचा दोरा त्याच्या हाती वर्षानंतर. दोन मुलांनी कंटाळून वर्ग सोडला, हेही खरे आहे. जी राहिली त्यांना मी सहसा 'बेसूर झालास' असे म्हणत नाही. त्यांची तीच थांबतात आणि मागे वळून पाहतात.

मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते वाचून आनंद झाला. पण मानांकन मिळालेल्या वाद्याची जवारी उघडून देणारा कारागीर शोधायला आम्हा बडोदेकरांना अजूनही गाडीत बसावे लागते, त्याचे काय? असो.

आता यंत्राच्या बाजूने बोलतो. ध्वनिमुद्रणाइतके मोठे वरदान शिकणाऱ्याला दुसरे मिळालेले नाही. 1902 साली कलकत्त्यात गौहरजानच्या तबकड्या निघाल्या तेव्हा जेमतेम तीन मिनिटांत राग आटोपावा लागे. आज मूल खिशातल्या यंत्रावर तासभराची तालीम घरी नेते. आणि तालमीपेक्षाही मोलाचे म्हणजे स्वतःचा आवाज. दादांनी स्वतःचे गाणे पहिल्यांदा ऐकले ते चाळिशी उलटल्यावर, एका स्नेह्याच्या टेपरेकॉर्डरवर. ते ऐकून ते दोन दिवस बोलले नव्हते. माझ्याकडे एक तेरा वर्षांचा मुलगा आहे, तानेत हटकून धावतो. सम येण्याआधीच पोचतो आणि मग तबलजीकडे रागाने पाहतो. मी वर्षभर सांगितले, पटले नाही. मग त्याचेच गाणे त्याच्याच मोबाईलवर मुद्रित करून, हातावर ताल धरीत ऐकायला लावले. पहिल्याच आवर्तनाला त्याचा हात सातव्या मात्रेपाशी अडखळला. "अरे!" एवढेच म्हणाला. त्या 'अरे'साठी मी वर्षभर घसा फोडत होतो.

जुन्या मुद्रणातली जलद तान पट्टी न बदलता निम्म्या गतीने ऐकता येते, हीही सोय मी रोज वापरतो. मात्र माझी अट अशी की आधी पाच वेळा मूळ गतीने ऐकायचे, जमेल तेवढे लिहायचे, आणि मगच गती कमी करून ताडून पाहायचे. पहिल्यापासूनच मंद करून ऐकणारी मुले तानेचे स्वर बिनचूक सांगतात, पण तिची फेक त्यांच्या गळ्यात येत नाही.

2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि सगळेच शिक्षक एका रात्रीत पडद्यावर गेले. त्या दिवसांतली फजिती आता हसून सांगता येते. मी तंबोरा मांडीवर घेऊन बसे, आणि पलीकडची मुले म्हणत, "सर, तंबोरा सुरू करा ना." मी तर तो छेडतच होतो! पुढे कळले की ही बोलण्यासाठी केलेली यंत्रे एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंख्याची घरघर समजून गाळून टाकतात. पाचसात सेकंद तंबोरा पलीकडे जाई आणि मग विरून जाई. लांब आकार लावला तर त्याचीही तीच गत. म्हणजे हिंदुस्थानी गाण्यात जे जे टिकून राहते ते सारे यंत्राच्या लेखी कचरा. 'मूळ आवाज' जाऊ देण्याची एक कळ त्यात असते, ती एका दहावीतल्या विद्यार्थिनीने मला दाखवली. तेव्हापासून हा त्रास बराचसा गेला.

न गेलेला त्रास म्हणजे उशीर. दहा मीटर लांबीच्या दिवाणखान्यात आवाजाला एका टोकाकडून दुसरीकडे जायला सेकंदाचे तीन शतांश लागतात. तेवढ्याने साथ बिघडत नाही. पडद्यावरून पाव सेकंदही सहज जातो. मिनिटाला 240 मात्रांच्या द्रुत त्रितालात पाव सेकंद म्हणजे नेमकी एक मात्रा. मी समेवर आलो की मूल सोळाव्या मात्रेवर, आणि त्याचे उत्तर माझ्यापर्यंत येईतो मी दोन मात्रा पुढे. बरोबर गाणे अशक्यच. आणि गुरूच्या आवाजाचा हात धरून चालणे हे तर आपल्या शिक्षणाचे निम्मे अंग. दादा माझ्याबरोबर गात, आणि केव्हा त्यांनी आवाज काढून घेतला आणि मी एकटाच गातो आहे हे मला कळतही नसे. पडद्यावर असा आवाज काढून घेता येत नाही, कारण तो मुळात खाली असतच नाही.

पण याच अडचणीतून एक चांगली गोष्ट निघाली. मागच्या रांगेत बसून दोन वर्षे दुसऱ्यांच्या आवाजात आवाज मिसळणारी एक मुलगी त्या काळात एकटी गाऊ लागली. मिसळायला कोणी नव्हतेच. वर्ग पुन्हा भरला तेव्हा ती पुढे येऊन बसली.

त्या वेळी पडद्यावर आलेली काही मुले तेथेच राहिली. आपल्या जुन्या घरांतली पोरे आता पुण्यात, बेंगळुरूला, अमेरिकेत आहेत, आणि त्यांच्या आईवडिलांना वाटते की बडोद्याचे काहीतरी त्यांच्याकडे असावे. न्यू जर्सीतली एक सोळा वर्षांची मुलगी गेली तीन वर्षे माझ्याकडे शिकते. तिकडे रविवारची सकाळ, इकडे संध्याकाळ. तिची आजी वाडीत राहते. तासाला ती माझ्याकडे येऊन बसते, कारण नात पडद्यावर का होईना, मराठी बोलताना दिसते. मी या शिकवणीला हो म्हटले ते एका अटीवर: तंबोरा पाहिजे, आणि तो तिने स्वतः लावला पाहिजे. आईवडिलांनी गेल्या वर्षी मिरजेहून तंबोरा नेला, विमानात त्याच्यासाठी वेगळी व्यवस्था करून.

आमचा पहिला पाऊण तास निव्वळ लावण्यात गेला. उशीर असल्यामुळे मी फक्त ऐकायचे आणि थांबायचे. माझा सूर तिला देण्यात अर्थ नव्हता. जोड जुळला असे तिला वाटले की ती थांबे आणि माझ्याकडे पाही. मी काहीच बोलत नसे. मग ती पुन्हा कान लावी आणि मणी सरकवी. आजी मधेच म्हणाल्या, "अहो, सांगा ना तिला." मी मान हलवली.

तिकडे हिवाळ्यात घरे तापवतात, हवा कोरडी होते, लाकूड आकसते आणि खुंट्या घसरतात. लावलेला तंबोरा अर्ध्या तासात उतरतो. मी तिला खुंटीच्या मानेला खडूची पूड लावायला आणि तंबोऱ्याजवळ पाण्याचे भांडे ठेवायला सांगितले आहे. गेल्या रविवारी पंचम टिकला. खर्ज अजून घसरतो.